स्पॅनिश मुलग्यांची नावे

स्पेनमधील मुलग्यांची नावे मुख्यतः बायबल, लॅटिन आणि जर्मॅनिक परंपरांतून आली. रॉद्रिगो म्हणजे ‘कीर्तिमान सत्ताधीश’. रॉद्रिगोचा मुलगा तो रॉद्रिगेस, असे आडनावही त्यातूनच घडले. सांतियागो म्हणजे संत याकोब. घरात खोसेचा ‘पेपे’ नि फ्रान्सिस्कोचा ‘पाको’ होतो.

आपल्याला सर्वांत जवळचे नाव खाविएर. मूळ बास्क भाषेत त्याचा अर्थ ‘नवे घर’. आपल्याकडच्या ‘नवघर’सारखे ते आधी ठिकाणाचे नाव होते. नावार प्रांतातील खाविएरच्या किल्ल्यात १५०६ मध्ये जन्मलेले संत फ्रान्सिस १५४२ मध्ये गोव्यात आले आणि त्यांच्या कीर्तीने ठिकाणाचे नाव व्यक्तिनाम झाले. आपल्याकडे हे नाव ‘झेवियर’ म्हणून रुळले. संतांचे अवशेष जुन्या गोव्यातील बॉम जेझस बॅसिलिकेत आहेत.