वेल्श कोण, कम्री कोण?

अक्रोडाला इंग्रजीत ‘वॉलनट’ म्हणतात, त्यातला ‘वॉल’ भिंतीचा नव्हे. जुन्या इंग्रजीत ‘वेआल्ह’ म्हणजे परका, आपली भाषा न बोलणारा. फळ रोमन मुलखाकडून आलेलं, म्हणून परक्यांचं. मेक्सिकोकडच्या झाडाच्या शेंगांना आपण विलायती चिंच म्हणून मोकळे झालो, तसंच हे. ‘वेआल्ह’चं मूळ बहुधा ‘वोल्काय’ नावाच्या केल्टिक टोळीत आहे. जर्मानिक शेजाऱ्यांनी तिचं नाव आधी सगळ्याच केल्ट लोकांना लावलं, मग रोमनांनाही. बेल्जियममधले वालून, बाल्कनमधले व्लाख, कॉर्नवॉलमधला ‘वॉल’ ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. आणि वेल्सही. म्हणजे पाचव्या शतकाच्या सुमारास समुद्रापलीकडून ब्रिटनमध्ये येऊन वसलेल्या अँग्लो-सॅक्सनांनी आधीपासून तिथे नांदणाऱ्यांना परकं ठरवलं! त्यांच्या तोंडी पुढे ह्याच शब्दाला ‘गुलाम’ असाही अर्थ चिकटला.

वेल्श माणूस स्वतःच्या देशाला ‘कम्री’ म्हणतो. हा शब्द ‘कोम्ब्रोगी’पासून आला: ‘कोम्’ म्हणजे सह, ‘ब्रोगी’त मुलूख आणि सीमा दोन्ही. एका शिवेच्या आतले ते कम्री. वहीतल्या समासाला इंग्रजी मुलं ‘मार्जिन’ म्हणतात, तो ‘ब्रोगी’चाच लांबचा भाऊबंद. कम्रीचं लॅटिन रूप कँब्रिया, त्यावरून भूशास्त्रातलं कँब्रियन युग. खडकांना वेल्सचं नाव मिळालं ते असं. दुसऱ्या अर्थाच्या रॉकची गोष्ट जरा वेगळी आहे.

वेल्समधल्या कार्डिफमध्ये 1993 साली जमलेला ‘सुपर फरी ॲनिमल्स’ हा बँड ह्या दोन नावांच्या मधोमध उभा आहे. 1995 सालच्या त्यांच्या पहिल्या छोट्या ध्वनिमुद्रिकेचं नाव होतं अँगलसी बेटावरच्या एका गावाचं ते जगप्रसिद्ध अठ्ठावन्न अक्षरी नाव, आणि त्याला शेपूट ‘अंतराळातलं’. मुळात ते नावच एकोणिसाव्या शतकात प्रवासी खेचण्यासाठी लांबवलेलं. बाहेरच्यांना दाखवायला रचलेलं वेल्शपण घ्यायचं आणि ते थेट अंतराळात भिरकावायचं, हा मला अस्सल कम्री विनोद वाटतो. झेंडा नाचवणाऱ्या गाण्यांहून तो जास्त भिनतो.

ह्या बँडला ‘इंडी’ म्हणतात. इंडियाशी संबंध नाही. ‘इंडिपेंडंट’चं ते लाडकं रूप. पोटात लॅटिन ‘पेंडेरे’, म्हणजे लटकणं. गळ्यातलं पेंडंट लटकतं, इंडिपेंडंट कोणाला लटकत नाही. निदान शब्दापुरतं. ज्या ‘क्रिएशन’ कंपनीने त्यांना करारबद्ध केलं, तिचा जवळपास निम्मा वाटा 1992 पासून सोनीकडे होता. त्या कंपनीचे ॲलन मॅगी ह्यांनी लंडनमधल्या एका कार्यक्रमानंतर ‘आता इंग्रजीतही गा’ असं सुचवलं म्हणतात. बँड इंग्रजीतच गात होता! परका कोण हे ठरवायला भाषाही लागत नाही, नुसता हेल पुरतो.

क्रिएशन बंद पडल्यावर त्यांनी स्वतःच्याच कंपनीतून 2000 साली अख्खी वेल्श भाषेतली ‘मुंग’ आणली. मराठी कानाला मूग ऐकू येईल, पण अर्थ आहे आयाळ. कोणाला न लटकता निघालेली त्यांची ही ध्वनिमुद्रिका ब्रिटनच्या यादीत अकराव्या क्रमांकावर पोचली. ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना एक ओळही कळत नसणार. लंडनच्या संसदेत एका वेल्श खासदाराने अभिनंदनाचा प्रस्तावही मांडला. बँडचं म्हणणं मात्र एवढंच, की हे राजकीय निवेदन नव्हे. निरनिराळ्या संस्कृतींशी देणंघेणं नसलेल्या बड्या कंपन्यांना हा विरोध आहे. मला ते पटतं. ‘कम्री’त राजा नाही, वंश नाही, फक्त ‘सह’ आणि शीव आहे. अशा शब्दाला घोषणेचा आवाज शोभतच नाही.

वेल्सचा फुटबॉल संघ 2004 च्या युरो स्पर्धेत पोचेल ह्या आशेवर त्यांनी एक वेल्श गाणं करून ठेवलं होतं. संघ पात्रच ठरला नाही आणि गाणं पडून राहिलं. 2016 साली संघ खरोखर पोचला, तेव्हा ते बाहेर काढलं. नाव ‘बिंग बाँग’. ते कळायला इंग्रजी नको, वेल्शही नको.