आयफोन, अँड्रॉइड आणि नस्तालिक

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या उर्दू शाळेचे वर्ग फोनवर भरत होते. चौथीच्या मुलांसाठी मी एक छोटा उतारा टाइप करून ग्रुपवर टाकला आणि तो वाचून आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सांगितला. एका मुलीचं वाचन आलंच नाही. संध्याकाळी तिच्या अम्मीचा फोन आला, "सर, बच्ची बोलती है ये उर्दू नहीं, अरबी है." मी उतारा पुन्हा उघडून पाहिला. उर्दूच होती. पण मुलगीही खोटं बोलत नव्हती.

तिच्या बालभारतीच्या पुस्तकातली उर्दू नस्तालिक वळणाची आहे. यात शब्द वर उजवीकडे सुरू होतो आणि डावीकडे उतरत येतो. फोनवर दिसत होतं ते नस्ख, म्हणजे सरळ रेषेवर बसलेलं अक्षर. आपल्याकडे कुरआन नस्खमध्ये छापतात, त्यामुळे सकाळी मकतबला जाणाऱ्या मुलांच्या डोक्यात नस्ख म्हणजे अरबी असं पक्कं बसलेलं असतं. मराठी वाचकांना सांगायचं तर हा फरक मोडी आणि बाळबोधीइतका मोठा नाही. अक्षरं तीच आहेत. पण आठ-नऊ वर्षांचं मूल अडखळायला तेवढा फरक पुरतो.

आमच्या स्टाफरूममध्ये आयफोन चांगला की अँड्रॉइड यावर वाद होतात. कॅमेरा, बॅटरी, किंमत, सगळं निघतं. फोनवर आपली भाषा कशी दिसते, हे मात्र कुणी विचारत नाही.

आयफोन २००७ मध्ये आला आणि ऑगस्ट २००८ मध्ये भारतात विकायला लागला. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ च्या शेवटी अमेरिकेत निघाला. दोन्ही तयार करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे इंग्रजी होती. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनवर मराठी म्हणजे चौकोनी डबे, किंवा अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसलेली वेलांटी. तेव्हा जाणकार मित्र ऑपेरा मिनी टाकायला सांगायचे. त्यात एक गुप्त सेटिंग बदललं की मजकूर चित्राच्या रूपात यायचा आणि मराठी वाचता यायची. मीही एका स्वस्त फोनवर कितीतरी मराठी ब्लॉग असेच वाचले.

अँड्रॉइडची खरी ताकद मोकळेपणात होती. २००९ पासून बाहेरच्या कुणालाही अँड्रॉइडसाठी कीबोर्ड बनवता येत होता. आयफोनने ती मुभा २०१४ मध्ये दिली. आपल्या आयआयटी मुंबईने 'स्वरचक्र' केलं ते याच मोकळेपणाच्या बळावर. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती त्याची बाराखडी गोल उघडते. इंग्रजी न येणाऱ्या माणसालाही ते सुचतं, कारण ते आपल्या पाटीवरूनच आलेलं आहे. २०१४ च्या शेवटी आलेल्या अँड्रॉइड ५ मध्ये फोनची भाषा म्हणून मराठी मिळाली. हिंदीची देवनागरी आधीच आलेली होती, तिच्यामागून मराठीला वाट सापडली.

उर्दूची वाट अरबीच्या मागून होती, आणि तिथेच गोची झाली. संगणकाच्या युनिकोडमध्ये उर्दू आणि अरबीच्या बहुतेक अक्षरांचे क्रमांक एकच आहेत. वळण कोणतं दाखवायचं ते फाँट ठरवतो. फोन लिपी ओळखतो, अरबी लिपीचा फाँट उचलतो आणि तो फाँट नस्खचा असतो. नस्तालिकमध्ये एकाच अक्षराचं रूप शेजारच्या अक्षरांवर आणि शब्दातल्या उंचीवर ठरतं, नुक्ते एकमेकांवर आदळतात, ओळीला जास्त उंची लागते. छपाईतही हे कोडं सुटायला १९८० उजाडलं. कराचीच्या अहमद मिर्झा जमील यांनी अक्षरं जोडण्याऐवजी हजारो जोडरूपं हाताने लिहून मशीनमध्ये भरली. तो नूरी नस्तालिक. नंतर दिल्लीच्या कंपनीचं इनपेज आलं आणि वर्तमानपत्रांतले कातिब घरी बसले. जुन्या इनपेजमधला मजकूर फोनवर चिकटवला तर भलतंच काही उमटतं. म्हणून आजही लग्नाचं निमंत्रण असो की जनाज्याची खबर, ग्रुपवर उर्दू फोटो बनून येते.

२०१३ मध्ये अमेरिकेतले लेखक अली एतराज यांनी फोन-संगणकामुळे नस्तालिक मरत चालली असल्याचा लेख लिहिला. मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ मध्ये उर्दूला नस्तालिक फाँट दिला होता, पण फोनच्या बाजारात मायक्रोसॉफ्ट टिकली नाही. २०१४ मध्ये मुदस्सिर अझीमी या डिझायनरने ॲपलच्या टिम कुक यांना आयफोनवर नस्तालिक द्या म्हणून जाहीर पत्र लिहिलं. २०१७ मध्ये आयओएस ११ बरोबर ती आयफोनवर आली.

ॲपलने घेतलेला फाँट 'नोटो नस्तालिक उर्दू'. तो २०१४ मध्ये गुगलने काढला होता, मोफत. गुगल म्हणजे अँड्रॉइडचीच मालक. घरच्या फाँटला घरच्या फोनमध्ये जागा मिळाली नाही आणि शेजाऱ्याने त्याला मानाने बसवलं. आजही बहुतेक अँड्रॉइड फोन हातात आल्यावर उर्दू नस्खमध्येच दाखवतात. काही ॲप आणि वेबसाइट आपला नस्तालिक फाँट सोबत आणतात, तेवढीच सोय.

मालेगाव, भिवंडी, मुंब्र्यात उर्दू शाळेत मुलं घालणाऱ्या किती घरांत आयफोन असेल? जिथे उर्दू रोज वाचली जाते तिथे अँड्रॉइड, आणि उर्दू तिच्या रूपात दिसते ती महागड्या फोनवर. अँड्रॉइडला मी नाव ठेवत नाही. त्याच्याशिवाय लॉकडाऊनमध्ये आमच्या मुलांची शाळाच झाली नसती. पण आयफोन म्हणजे फक्त श्रीमंतांचा शौक, हे मी आता स्टाफरूममध्ये म्हणत नाही.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी उतारा वहीत हाताने लिहून, त्याचा फोटो काढून पाठवला. पाच मिनिटांत तिचं वाचन आलं, न अडखळता. शाळा सुरू झाल्यावर मी तिची वही पाहिली. दीड वर्ष फोनवर शिकून आली होती. तिचे शब्द आता वरून खाली उतरत नव्हते, ओळीवर सरळ बसत होते.