शाळेमागचे रान आणि जपानी बागा

शाळेमागची ती जागा सगळ्यांना आठवत असेल. चेंडू तिकडे गेला की आणायला कोणी पुढे होत नसे. मेळाव्याच्या बैठकीत ती साफ करून तिथे ‘पुण्यासारखी जपानी बाग’ करावी, अशी सूचना आली आणि वर्गणीही सुरू झाली. इतिहास हा माझा आवडीचा विषय, म्हणून खड्डे खणण्यापूर्वी थोडे मागे जाऊ.

आपण ज्याला रान म्हणत होतो, ते मुळात इथले नाहीच. गाजरगवत, घाणेरी, वेडी बाभूळ ही तिन्ही अमेरिका खंडांतली. गाजरगवताची नोंद पुण्यात झाली ती 1950 च्या दशकात. घाणेरी तर इंग्रजांच्या काळात शोभेचे झुडूप म्हणून आली. म्हणजे तीही कोणाची तरी बागच होती!

पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान सुमारे दहा एकरांचे. जपानमधील ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीतून ते झाले. त्याचा आदर्श म्हणजे तिथली कोराकुएन बाग. इकेदा त्सुनामासा या सरदाराने ती 1687 मध्ये करायला घेतली आणि 1700 मध्ये ती पुरी झाली. 1934 चा पूर आणि 1945 ची बाँबफेक यांत तिचे मोठे नुकसान झाले. पण जुने नकाशे जपलेले होते, त्यावरून ती पुन्हा उभी राहिली. अशा बागेचा जीव पाण्यात असतो: तळी, ओढे, हिरवळ. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांना ते परवडणारे नाही, असे मला स्पष्ट वाटते.

पण जपानमध्येच पाण्यावाचूनचीही बाग आहे. क्योतोच्या र्योआन्-जी मंदिरात पांढरी खडी आणि पंधरा दगड, एवढेच. खडीवर दाताळ्याने रेघा ओढल्या की पाण्याचा भास होतो. काळ्या दगडाला तर आपल्याकडे तोटा नाही.

उरलेल्या जागेसाठी अकिरा मियावाकी (1928–2021) यांची रीत आहे. देवळांभोवती राखलेल्या जुन्या राया पाहून त्यांनी ठरवले, की ज्या मातीत जे मूळचे, तेच लावायचे. आपल्या देवरायांचाच हा विचार. एका चौरस मीटरला तीन-चार रोपे, दोन-तीन वर्षे पाणी आणि निंदणी, मग रान स्वतःचे स्वतः वाढते. मात्र मराठवाड्याचे मूळ रान विरळ, पानगळीचे. त्यामुळे इतकी दाटी इथे योग्य का, अशी शंका घ्यायला जागा आहे. मी थोडी विरळच लावीन: पळस, करंज, कडुनिंब, आपटा, बेल, हिवर.

जालन्याला हा क्रम नवा नाही. मलिक अंबरच्या काळात जमशेदखानाने मोती तलाव बांधला आणि जमिनीखालच्या नळांनी पाणी गावात आणले. आधी पाणी, मग बाकीचे.

आपल्या बैठकीत रोपांवर तासभर बोलणे झाले, पाण्यावर कोणीच बोलले नाही. एप्रिल-मेमध्ये शाळेला सुट्टी असते, आणि रोपे मरतात ती तेव्हाच. गावात राहणाऱ्यांनी आठवड्याचा एकेक वार वाटून घ्यावा. मंगळवार मी घेतला आहे.