स्लूस बॉक्स : सोनं अडवणारी पन्हळ आणि गाळाखाली गेलेली शेतं

आजची नोंद पिकाची नाही, एका लाकडी पन्हळीची आहे. नदीच्या रेतीतलं सोनं धुवून काढायला ही पन्हळ वापरतात. तिला स्लूस बॉक्स म्हणतात. विषय सोन्याचा असला तरी गोष्ट फिरून माती-पाण्यावरच येते. कारण या पन्हळीतून बाहेर पडलेल्या गाळानं कॅलिफोर्नियातली हजारो एकर शेती गाडली, शेतकरी कोर्टात गेले आणि जिंकले. सविस्तर लिहितो.

आधी तत्त्व समजून घेऊ. खळ्यावर उफणणी करताना काय होतं? वाऱ्यात धान्य सोडलं की दाणा पायाशी पडतो आणि भुसा लांब उडतो. स्लूस बॉक्समध्ये वाऱ्याच्या जागी पाणी असतं, एवढाच फरक. सोनं पाण्यापेक्षा १९.३ पट जड. साधी वाळू फक्त २.६५ पट. लोखंडाची काळी रेती पाचपटीच्या आसपास. वाहत्या पाण्यात हे सगळं एकत्र सोडलं, की वाळू पुढं पळते, काळी रेती रेंगाळते आणि सोनं तळाला बसतं. पन्हळीच्या तळाला आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, त्यांना रिफल म्हणतात. प्रत्येक पट्टीच्या मागं पाण्याचा छोटा भोवरा तयार होतो. तो हलकी वाळू उचलून पुढं ढकलतो आणि जड कण तिथंच थांबतो.

ही युक्ती फार जुनी आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक लेखक स्ट्रेबोनं काळ्या समुद्राच्या पूर्वेकडच्या डोंगरी लोकांबद्दल लिहून ठेवलंय. ते ओढ्याच्या पाण्यात मेंढीचं लोकरीसकट कातडं ठेवायचे आणि सोन्याचे कण लोकरीत अडकायचे. रोमन लेखक प्लिनीनं स्पेनमधल्या खाणींची हकिगत दिली आहे. तिथं पाटाच्या तळाला एक खरबरीत झुडूप अंथरायचे, मग ते वाळवून जाळायचे आणि राखेतून सोनं काढायचे. त्याच प्लिनीनं हेही नोंदवलंय, की वाहून गेलेल्या मातीनं स्पेनचा किनारा समुद्रात पुढं सरकला. म्हणजे गाळाचा प्रश्न तेव्हाही दिसत होता, फक्त त्यावर कुणी दावा लावला नव्हता.

आपल्याकडंही हे काम परकं नाही. सोनाराच्या दुकानातली धूळ-राख विकत घेऊन, धुऊन त्यातलं सोनं काढणाऱ्या झारेकऱ्यांबद्दल जुन्या माणसांना माहीत आहे. पूर्व विदर्भ आणि त्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशाच्या पट्ट्यात नदीची रेती धुणारे सोनझारी लोक होते. या सगळ्यांचं काम हातानं आणि थोड्या रेतीवर चालायचं, त्यामुळं नदीला त्याचा त्रास नव्हता.

आता कॅलिफोर्नियाकडं वळू. जॉन सटर नावाच्या माणसानं तिथं मोठी शेतीवाडी उभी केली होती. गहू, गुरं, मेंढ्या, सगळं होतं. लाकूड कापायला त्यानं कोलोमा इथं नदीकाठी पाण्यावर चालणारी गिरणी बांधायला घेतली. गिरणीचं पाणी बाहेर नेणारा पाट उथळ होता. म्हणून दिवसा माणसं खोदायची आणि रात्री पाणी सोडून सुटलेली खडी वाहवून द्यायची. २४ जानेवारी १८४८ रोजी सकाळी जेम्स मार्शल त्या पाटाची पाहणी करत होता, तेव्हा त्याला तळाला पिवळे खडे चमकताना दिसले. नीट बघितलं तर तो पाटच एक स्लूस झाला होता. खडी वाहून गेली होती आणि सोनं मागं राहिलं होतं. पुढं सटरची माणसं काम सोडून सोनं शोधायला गेली, आलेल्या लोकांनी त्याची जमीन बळकावली, गुरं मारून खाल्ली. भरपाईसाठी तो सरकारदरबारी हेलपाटे घालत राहिला आणि १८८० मध्ये वारला.

सुरुवातीला लोक परातीत रेती धुवायचे. पाण्यात उकिडवं बसून दिवसभरात पन्नासेक पराती झाल्या तरी भरपूर. मग पाळण्यासारखं डुलवायचं खोकं आलं. त्यानंतर लाँग टॉम आला, म्हणजे लांब पन्हळ आणि तिच्या टोकाला भोकं पाडलेला पत्रा. आणि १८५० च्या आसपास स्लूस आला. एकाला एक जोडलेल्या पन्हळींची रांगच. इथं माणसानं फक्त फावड्यानं माती टाकायची, धुण्याचं काम पाणी करणार.

बांधणी सोपी होती. तीन फळ्या, एक तळाला आणि दोन बाजूंना. एका पेटीची लांबी साधारण १२ फूट. एक तोंड थोडं अरुंद ठेवायचं, म्हणजे ते पुढच्या पेटीत बसतं आणि सांध्यातून पाणी गळत नाही. तळाला लाकडी पट्ट्या, गोल दगड किंवा लाकडाचे ठोकळे बसवायचे. पण ते पक्के ठोकायचे नाहीत, कारण सोनं काढताना ते उचलावे लागतात. सोनं गोळा करताना माती टाकणं थांबवायचं, स्वच्छ पाणी जाऊ द्यायचं आणि मग वरच्या टोकापासून एकेक पट्टी काढत तळातलं जड द्रव्य परातीत घ्यायचं.

सगळी कला उताराची होती. त्या काळात उतार अंशात मोजत नसत, १२ फुटांच्या पेटीला किती इंच यावर मोजत. 'सहा इंची' म्हटलं की गड्याला कळायचं. आजच्या हातात धरून नेता येणाऱ्या छोट्या अॅल्युमिनियमच्या स्लूसला फुटामागे साधारण एक इंच उतार देऊन सुरुवात करतात आणि मग पाणी बघून कमी-जास्त करतात. उतार कमी पडला तर पट्ट्यांमागची वाळू घट्ट बसते, भोवरा बंद पडतो आणि सोनं वरून घसरत निघून जातं. उतार जास्त झाला तर बारीक, पापुद्र्यासारखं चपटं सोनं थांबतच नाही. बरोबर जमलं की प्रत्येक पट्टीमागं काळ्या रेतीची रेघ सैल हलत राहते.

पेटी निवडताना बघायच्या गोष्टीही तेव्हापासून त्याच आहेत. पाणी किती आहे त्यावर रुंदी ठरवायची. पाणी थोडं असेल तर रुंद पेटीत ते पातळ पसरतं आणि खडे ढकलत नाही. मोठे दगड आधीच चाळून बाजूला काढायचे, कारण दगड पुढं न्यायला जोराचं पाणी लागतं आणि त्या जोरानं बारीक सोनं जातं. सोनं बारीक असेल तर उंच पट्ट्यांपेक्षा खरबरीत चटई किंवा जाळी चांगली. आणि चिकणमाती हा मोठा शत्रू. तिचे गोळे तळावरून गडगडत जाताना अडकलेलं सोनं अंगाला चिकटवून घेऊन जातात. म्हणून आधी माती पाण्यात कालवून फोडावी लागते.

इथपर्यंत स्लूस हे चार माणसांचं हत्यार होतं. १८५३ मध्ये नेवाडा सिटीजवळ एडवर्ड मॅटिसननं कॅनव्हासच्या पाइपला धातूचं तोंड लावलं आणि दाबाचं पाणी थेट डोंगराच्या कड्यावर मारलं. आता फावडंही नको. डोंगर कोसळायचा, चिखल होऊन स्लूसमध्ये शिरायचा. पुढं लोखंडी तोफेसारख्या तोट्या आल्या, मैलोन् मैल पाट आले, मोठ्या कंपन्या आल्या. नॉर्थ ब्लूमफील्ड कंपनीनं मॅलाकॉफच्या खाणीतला चिखल बाहेर काढायला जवळजवळ दीड मैलाचा बोगदा खोदला. बारीक सोनं पकडायला स्लूसच्या तळाला शेकडो पौंड पारा ओतायचे, कारण पारा सोन्याला धरून ठेवतो. त्यातला १० ते ३० टक्के पारा दर हंगामात वाहून जायचा. कॅलिफोर्नियाच्या नदी-खाणींतून एकूण सुमारे १ कोटी पौंड, म्हणजे साडेचार हजार टन पारा निसर्गात गेल्याचा अंदाज अमेरिकेच्या भूविज्ञान खात्यानं दिला आहे. आजही तिथल्या काही नद्या-तलावांतले मासे बेतानं खा, अशा सूचना आहेत.

आणि बाकीचा डोंगर? तो युबा आणि बेअर नदीतून खाली आला. खाली सॅक्रामेंटोचं खोरं, गव्हाची आणि फळबागांची जमीन. नदीचं पात्र गाळानं भरत गेलं. मेरीसव्हिल गावाजवळ युबाचं पात्र गावातल्या रस्त्यांपेक्षा उंच झालं. लोक बांध उंच करत राहिले, नदी आणखी उंच होत राहिली. जानेवारी १८७५ मध्ये बांध फुटून गावात चिखल शिरला. नदीकाठच्या मळईच्या, म्हणजे सगळ्यात कसदार जमिनींवर वाळू-खडीचे थर बसले. ही डोंगराच्या पोटातली माती होती, तिच्यात सेंद्रिय कर्बाचा पत्ता नाही. पुढं १९१७ मध्ये ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञानं हिशेब मांडला. पनामा कालव्यासाठी जेवढी माती हलवली, तिच्या जवळजवळ आठपट गाळ खाणींनी खाली सोडला होता.

शेतकऱ्यांची अडचण आपल्याला ओळखीची वाटेल. वर खाणी अनेक, खाली गाळ एकच. कुणाचा गाळ कुणाच्या शेतात आला हे सिद्ध कसं करायचं? बेअर नदीकाठचा शेतकरी जेम्स कीज यानं १८७६ मध्ये अनेक कंपन्यांवर मिळून दावा लावला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं १८७९ मध्ये तो फेटाळला. वेगवेगळ्या कंपन्यांना एका दाव्यात असं एकत्र ओढता येणार नाही, हे कारण दिलं. तोवर शेतकरी आणि गावकरी संघटना करून उभे राहिले होते. पैसा जमवत होते, पुरावे गोळा करत होते. मेरीसव्हिलमध्ये मालमत्ता असलेल्या एडवर्ड्स वुडरफच्या नावानं १८८२ मध्ये केंद्रीय न्यायालयात नॉर्थ ब्लूमफील्डवर दावा गेला. ७ जानेवारी १८८४ रोजी न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी निकाल दिला. खाणीचा गाळ नदीत सोडायला कायमची बंदी.

या निकालातली बारीक गोष्ट लक्षात घ्या. सोनं काढायला बंदी नव्हती, स्लूस बॉक्सलाही नव्हती. बंदी होती ती आपला गाळ दुसऱ्याच्या अंगावर ढकलायला. १८९३ च्या कॅमिनेटी कायद्यानं तर गाळ अडवायचा बंधारा बांधून खाण चालवायची परवानगीही दिली. पण गाळाचा खर्च स्वतः सोसायची वेळ आल्यावर डोंगर फोडण्याचा धंदा बहुतेक ठिकाणी परवडेना. इतकी वर्षं त्या खर्चाचा मोठा भाग खालचा शेतकरी भरत होता.

गाळ मात्र निकालानं थांबला नाही. नदीत शिरलेला गाळ पुढची कित्येक दशकं हळूहळू खाली सरकत राहिला. १९४१ मध्ये युबावर एंगलब्राइट धरण मुद्दाम गाळ अडवायला बांधावं लागलं.

आता आपल्या रानात येऊ. स्लूसचं तत्त्व आपण रोज वापरतो, फक्त नाव वेगळं. नाल्यात घातलेला अनघड दगडी बांध म्हणजे रिफलच. पाण्याचा वेग मोडतो, जड ते मागं टाकतो. पण खाणवाल्याला हवं ते जड होतं, म्हणून त्याला स्लूस पुरला. आपल्याला हवं ते हलकं आहे. चिकणमातीचे बारीक कण, कुजलेला पाला, त्यांना धरून बसलेलं स्फुरद, हे सगळं पाण्याबरोबर सगळ्यात आधी निघतं आणि सगळ्यात शेवटी बसतं. नाल्यातल्या बांधामागं जी रेती साचते, तिच्यातून आपलं सोनं पुढं निघून गेलेलं असतं. म्हणून माती अडवायची ती शेतातच. उताराला आडवी पेरणी, बांधावर गवताची पट्टी, जमिनीवर आच्छादन. नाल्यातलं काम त्यानंतरचं.

दुसरी गोष्ट गाळाची. तलावातला गाळ उचलून शेतात टाकणं चांगलं काम आहे, 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेनं त्याला वेगही आला. पण गाळ म्हणजे सरसकट खत नव्हे. बंधाऱ्याच्या तोंडाशी, जिथं ओढा शिरतो, तिथं जाड रेती बसते. बारीक कसदार गाळ आत, भिंतीच्या बाजूला शांत पाण्यात बसतो. ओला गाळ हातात घेऊन वळी करून बघा. वळी होत नसेल, हाताला खरखर लागत असेल, तर तो ट्रॅक्टरचं भाडं भरून आणायचा माल नाही. हलक्या, मुरमाड रानाला चिकण गाळ मानवतो. आधीच भारी काळ्या रानात तोच टाकला तर निचरा बिघडतो. मोठ्या प्रमाणात टाकायचा असेल तर आधी मातीसारखीच तपासणी करून घ्यावी, आणि तलावाच्या वरच्या अंगाला कारखाना किंवा खाण असेल तर तपासल्याशिवाय टाकूच नये.

आणि पावसाळ्यात आपल्या बांधावरून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा रंग एकदा बघत जा. ते गढूळ असेल तर आपलं सोनं चाललंय आणि खालच्या शेतकऱ्याच्या पाटात गाळ चाललाय, दोन्ही एकाच वेळी.