सेंट जॉर्जेस पोटनिवडणूक, १९३१ : लंडनच्या मतदानात भारताचा प्रश्न

वेस्टमिन्स्टर सेंट जॉर्जेस हा लंडनमधील मेफेअर, बेलग्रेव्हिया अशा धनिक वस्त्यांचा मतदारसंघ. खासदार लेमिंग वर्दिंग्टन-इव्हान्स यांच्या निधनानंतर तेथे १९ मार्च १९३१ रोजी पोटनिवडणूक झाली. मजूर पक्षाने उमेदवारच दिला नाही. लढत हुजूर पक्षातल्या दोघांतच झाली : अधिकृत उमेदवार डफ कूपर आणि अपक्ष उभे राहिलेले कारखानदार अर्नेस्ट पेटर.

पेटर यांच्या पाठीशी दोन वृत्तपत्रसम्राट होते, 'डेली एक्स्प्रेस'चे लॉर्ड बीव्हरब्रुक आणि 'डेली मेल'चे लॉर्ड रॉदरमिअर. पक्षनेते स्टॅन्ले बाल्डविन यांना हटवणे हा दोघांचा खरा हेतू. बीव्हरब्रुक यांना साम्राज्यांतर्गत व्यापाराचे धोरण हवे होते. रॉदरमिअर यांचा राग भारताला सवलती देण्यावर. बाल्डविन व्हाइसरॉय आयर्विन यांच्या धोरणाच्या बाजूने होते, म्हणून चर्चिल जानेवारीतच पक्षाच्या नेतृत्वमंडळातून बाहेर पडले होते. त्यात मतदानाच्या दोन आठवडे आधी गांधी-आयर्विन करार झाला. कूपरना मत म्हणजे गांधींना मत, असा प्रचार सुरू झाला.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, पहिली गोलमेज परिषद १९ जानेवारीलाच संपली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि आर. श्रीनिवासन यांनी तेथे अस्पृश्यांसाठी राजकीय संरक्षण मागितले होते. ते मिळायचे तर नव्या राज्यघटनेतूनच, आणि रॉदरमिअर गटाला तो मार्गच बंद करायचा होता. (त्या वेळी बाबासाहेबांचे 'जनता' पत्र सुरू होऊन चार महिनेही झाले नव्हते. समोर लाखोंनी खपणारी दैनिके!)

'डेली मेल'ने तर बाल्डविन यांनी वडिलोपार्जित संपत्ती घालवली, असे वैयक्तिक आरोपही केले. १७ मार्चच्या सभेत बाल्डविन यांनी उलट हल्ला चढवला : या मालकांना सत्ता हवी, जबाबदारी मात्र नको. हा मुद्दा त्यांना मावसभाऊ रुडयार्ड किपलिंग यांच्याकडून मिळाला होता. गंमत अशी की किपलिंग स्वतः कट्टर साम्राज्यवादी.

कूपर यांना १७,२४२ आणि पेटर यांना ११,५३२ मते पडली. बाल्डविन यांचे नेतृत्व टिकले. सप्टेंबरमध्ये दुसरी गोलमेज परिषद भरली. पुढे चर्चिल यांचा विरोध मोडून १९३५ चा भारत सरकार कायदा मंजूर झाला, आणि त्याखालील १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत निवडून आले.