लहान गाडीचा रंग

खानदेशांतील पहूर हें गांव जळगांवहून अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या सडकेवर वसलें आहे. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी आगगाडी याच गांवावरून जात असे. मार्ग छपन्न किलोमीटरांचा आणि दोन रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. २०२० सालच्या टाळेबंदींत ही गाडी थांबली ती कायमचीच. अरुंद रुळांच्या जागीं रुंद रूळ घालून मार्ग बोदवडपर्यंत नेण्याचें पुढें ठरलें. अशी गेलेली गाडी पुन्हा पाहावयाची तर ती लहान करूनच पाहावी लागते. मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शानें केल्यास पहूरच्या गाडीचे रूळ सुमारें ९ मिलिमीटरांवर येतात. पुण्यास कोथरूड भागांत भाऊसाहेब जोशी यांनीं १९९८ सालीं उघडलेलें लहान आगगाड्यांचें संग्रहालय ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना या हौसेची कल्पना निराळी द्यावयास नको.

मोटारींच्या प्रतिकृतींचा इतिहासहि वस्तुतः रुळांच्या कडेलाच सुरू होतो. लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी यांची मेकॅनो कंपनी खेळण्यांतल्या आगगाड्या करीत असे. त्या गाड्यांच्या स्टेशनाबाहेर उभ्या करण्यासाठीं म्हणून कंपनीनें १९३३ च्या अखेरीस लहान मोटारी काढल्या व १९३४ सालीं त्यांना 'डिंकी टॉईज' हें नांव मिळालें. आगगाडीचें प्रमाण एका फुटास सात मिलिमीटर असें होतें. त्याचा हिशेब केला म्हणजे एकास साडेत्रेचाळीस येतात. संग्राहकांत आज रूढ असलेलें 'एकास त्रेचाळीस' हें प्रमाण तेथूनच आलें. एरवीं असा अडनिडा आकडा कोणी बुद्ध्या निवडला नसता.

त्या मोटारी मुलांसाठीं होत्या आणि त्यांचा रंगहि मुलांच्या हातीं टिकावा असा जाड असे. खरी हौस सुरू होते ती प्रौढ मनुष्य तो रंग खरवडून काढूं लागतो तेव्हां. एका साध्या गणितानें याचें कारण कळतें. खऱ्या मोटारीवरील रंगाचे सर्व थर मिळून जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर भरते. तेवढाच रंग त्रेचाळीस पट लहान गाडीवर चढला, तर मूळ गाडीला चार मिलिमीटरांहून जाड लेप दिल्यासारखें दिसतें. दारांच्या फटी बुजतात, मुठी सुजल्यासारख्या दिसतात, आणि पाहणाऱ्याला कारण न कळतांच हें खेळणें आहे असें वाटतें. म्हणून ब्रश बाजूला ठेवून हवेच्या दाबानें रंग उडविणारी बारीक पिचकारी वापरतात. एक पातळ थर, तो वाळल्यावर पाण्यांत भिजविलेल्या बारीक पॉलिश पेपरचा हलका हात, मग दुसरा थर. घाई करणाऱ्यानें या छंदाच्या वाटेस न जावें हें बरें.

महाराष्ट्रांतील हौशी मनुष्यासमोर उदाहरण म्हणून मुंबईची काळीपिवळी टॅक्सी सहज उभी राहते. वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊं लागली; पुढें तीच प्रीमियर पद्मिनी झाली. ही गाडी चार मीटरांना थोडी कमी, म्हणजे त्रेचाळिसाव्या हिश्शानें नऊ सेंटिमीटर. तिचा टप पिवळा व अंग काळें. पिवळा रंग खालचा रंग झांकीत नाहीं. म्हणून पांढऱ्या अस्तरावर प्रथम पिवळा द्यावा, तो पक्का वाळल्यावर टपावर चिकटपट्टी लावून मग काळा उडवावा. काळाहि अगदीं शुद्ध नको, कारण लहान वस्तूवर तो फार गडद दिसतो. त्यांत किंचित् करडा मिसळला म्हणजे दृष्टि फसते. खिडक्यांभोंवतीच्या चकाकत्या पट्ट्यांना रंग न देतां धातूचा अतिपातळ वर्ख चिकटवितात.

येथवर कौशल्य झालें. खरा प्रश्न यापुढें येतो: टॅक्सी कोणत्या सालची? एके काळीं भाड्याचा यांत्रिक मीटर डाव्या अंगास गाडीबाहेर बसविलेला असे. इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि तो गेला. कारखान्यांतून नुकतीच निघालेली गाडी दाखवावयाची कीं वीस वर्षें पावसांत भिजलेली, दाराची कड चेपलेली? ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावर राहिली नाहीं; तेव्हां समोरच्या गाडीकडे बोट दाखवून वाद मिटविण्याची सोयहि उरली नाहीं. कांहीं हौशी लोक चकचकीत गाडीलाच खरी मानतात. त्यांचें कौशल्य मान्य करूनहि म्हणावें लागतें कीं अशी टॅक्सी मुंबईकराला पाहुण्यासारखी वाटते.

शेवटचा चकाकीचा लेपहि जपूनच द्यावा लागतो. पहूरच्या सडकेनें ज्या अजिंठ्याला जातात, तेथील चित्रांच्या नकला जॉन ग्रिफिथ्स यांनीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून १८७२ ते १८८५ या काळांत करविल्या. त्या कामांत मूळ चित्रांनाच वार्निश लावलें गेलें. चित्रें क्षणभर उजळलीं, आणि पुढें वार्निश पिवळें पडून रंग झांकळले. शिवाय त्या नकलांपैकीं पुष्कळ १८८५ सालीं लंडनमध्यें आगींत जळाल्या.

पहूरच्या गाडीचा डबा रंगवूं पाहणाऱ्याला जुन्या रंगीत छायाचित्रांवर विसंबतां येत नाहीं, कारण छापील रंग वर्षानुवर्षें उडत जातात. परंतु शेंदुर्णी-जामनेरकडे त्या डब्यांतून गेलेलीं माणसें अद्याप आहेत. रंगाची डबी उघडण्यापूर्वीं त्यांना डब्याची खिडकी कोणत्या रंगाची होती एवढेंच नव्हे, तर हात टेकून टेकून ती कोठें झिजली होती हेंहि विचारून घ्यावें लागतें.