कुरणात भरलेली शाळा

भगिनींनो, जून उजाडला की घरोघर नव्या दप्तरांची धांदल उडते. पण शाळेचे दार उघडले म्हणजे सारीच मुले आत येतात असे नाही. ताराबाई मोडकांनी हे फार आधी ओळखले. गिजुभाई बधेकांच्या जोडीने १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढणाऱ्या या बाई १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. बालविधवा असलेल्या अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरीची महागडी साधने खेड्याला कुठून परवडणार? मग शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. (आपल्या परसात याहून निराळे काय असते!)

पुढे १९५७ च्या सुमारास हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथे थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असायचे. ती शाळेत येणार कशी? तेव्हा पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. हीच विकासवाडी. धाकटे पाळण्यात, थोरली वर्गात. माझी शाळा सातवीला सुटली ती धाकट्या भावाला सांभाळण्यापायीच. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, ते थोरच. पण मला त्या पाळणाघराचे मोल अधिक वाटते.

मुलगे मात्र गुरांमागे रानात. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शिक्षक पाटी-पुस्तके घेऊन कुरणात गेले. गुरे चरत आणि मुले तिथेच अक्षरे गिरवीत.